केसांची घड्याळसाखळी म्हणजे मृताचीच आठवण?

१९व्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतली केसांची घड्याळसाखळी, म्हणजे खिशातल्या घड्याळाला लावायची माणसाच्या केसांनी विणलेली साखळी, दिसली की ‘मेलेल्या माणसाचे केस’ असं हमखास सांगितलं जातं. हे चूक आहे. अशा कितीतरी साखळ्या पत्नीने स्वतःचे केस देऊन नवऱ्यासाठी करवलेल्या प्रेमाच्या भेटी होत्या.

केस सोड्याच्या पाण्यात सुमारे १५ मिनिटं उकळत, लांबीनुसार निवडत. २०-३० केसांची एकेक बट करून तिला शिशाचं वजन बांधत आणि मधे भोक असलेल्या गोल मेजावर साच्याभोवती गोफ विणत. शोकाची खूण केसांत नसते. ती काळ्या मिन्यात, कोरलेल्या मृत्युतारखेत शोधा.

अशी साखळी पाण्यात मात्र बुडवू नका. साखळीच्या टोकाला बसवलेल्या सोन्याच्या टोपणातला चिकटा सुटतो आणि गोफ उसवतो.