तोफ तीच, हवा वेगळी

आपल्या भुईकोट किल्ल्यातल्या जुन्या तोफांची नळी आतून गुळगुळीत असायची. आजच्या फील्ड तोफेच्या नळीत आटे पाडलेले असतात. त्यामुळे गोळा स्वतःभोवती गरगरत सुटतो आणि टोक पुढे ठेवूनच जातो. बोफोर्स ही अशीच तोफ: नळीचा आतला व्यास १५५ मिलिमीटर, वजन सुमारे १२ टन, ट्रकमागे जोडून ओढायची. १९८६ मध्ये भारताने स्वीडनच्या कंपनीशी अशा ४१० तोफांचा करार केला. त्यावरून किती गदारोळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. तोफेचं विज्ञान मात्र फारसं कुणी सांगत नाही.

समजा, ही तोफ मे महिन्यात सोलापूरजवळच्या माळावर डागली. पारा ४२ अंशांवर, उंची साधारण साडेचारशे मीटर. आता तिला लडाखमधल्या द्रासला न्या, तीन हजार मीटरच्याही वर. तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम पाऊणपट दाट. गोळ्याला अडवणारी हवाच कमी, म्हणून तो लांब जातो.

थंडीचा परिणाम उलटा. गोळ्यामागची दारू गार असली की सावकाश जळते, दाब कमी पडतो आणि गोळा मंद वेगाने सुटतो. म्हणून गनर, म्हणजे तोफ डागणारे जवान, दारूचंही तापमान मोजतात. कुठल्या कोनात डागली तर गोळा किती लांब पडेल हे सांगणारी माऱ्याची कोष्टकं दारूचं तापमान २१ अंश धरून केलेली असतात. त्याहून कमी-जास्त असेल तर दुरुस्ती करायची. सोलापूरच्या उन्हात तापलेली दारू गोळा पुढे टाकेल, द्रासच्या पहाटे तीच दारू आखूड टाकेल. वारा, नळीची झीज, इतकंच काय, पृथ्वीचं फिरणंही हिशेबात धरावं लागतं.

डोंगरात हा हिशेब फार कडक. मैदानात शंभर मीटरची चूक शंभर मीटरचीच राहते; कड्यावरच्या बंकरवरून गोळा जरा वर गेला की थेट पलीकडच्या दरीत. म्हणूनच १९९९ च्या कारगिल युद्धात काही बोफोर्स समोर दिसणाऱ्या शिखरांवर सरळ नेम धरून डागल्या. असं करताना तोफ शत्रूलाही दिसते. तो धोका पत्करून गनरांनी मारा चालू ठेवला आणि त्याच्या आडोशाने पायदळ वर चढलं. आपली माणसं माथ्याजवळ पोचेपर्यंत गोळे टाकायचे आणि वेळेवर थांबायचं, या कौशल्यापुढे मी नतमस्तक आहे. द्रासजवळच्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ हे नाव मिळालं, ते या तोफखान्याच्या सन्मानार्थच.

बोफोर्सच्या आराखड्यावरून जबलपूरला तयार झालेली धनुष ही तोफ २०१९ मध्ये सैन्याकडे आली. तिची नळी जास्त लांब आहे. जळत्या दारूचा वायू गोळ्याला जास्त अंतर ढकलत राहतो, त्यामुळे पल्लाही वाढतो.