गोळ्यांच्या हिशेबाबाहेर राहिलेले रुग्ण

रुग्ण औषधं वेळच्या वेळी घेतो का, हे मोजणाऱ्या संशोधनातून दिव्यांग रुग्ण मात्र निसटत आले. या संशोधनाचा एक ठळक टप्पा आपल्याकडचा, मद्रासचा आहे. क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं की घरी गोळ्या दिल्या तरी भागेल, याचा अभ्यास तिथे १९५६ मध्ये सुरू झाला. घरी दिलेल्या गोळ्या पोटात जातात कशावरून? म्हणून कर्मचारी न कळवता घरी जायचे, उरलेल्या गोळ्या मोजायचे, लघवीचा नमुना घ्यायचे. घरी राहून घेतलेले उपचारही तितकेच लागू पडतात, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून प्रयोग सुरू झाले होते. अशी प्रकरणं गाजल्यावर १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणाचा कायदा आला. तो हवाच होता. पण पुढे नैतिकतेच्या नियमांवर बोट ठेवून दिव्यांगांना अभ्यासात घ्यायचंच नाही, ही सोयीची पळवाटही रुळली. संमतीपत्र वाचता न येणारा, फोनवर ऐकू न येणारा रुग्ण निवडीच्या अटींतच गळायचा.

योगायोग असा, की १९७४ मध्येच कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स या संशोधक डॉक्टरांनी औषधं नियमित घेण्याच्या प्रश्नावर परिषद भरवली आणि या विषयाला स्वतंत्र शाखेचं रूप येऊ लागलं. मग मोजमापाची साधनं आली. अमेरिकी संशोधक मोरिस्की यांची १९८६ ची चार प्रश्नांची यादी अजून जगभर चालते. औषध घ्यायला विसरता का, हयगय करता का, बरं वाटलं की बंद करता का, त्रास झाला की बंद करता का. आता हेच प्रश्न एखाद्या अंध मधुमेही बाईंना विचारा. विसरणं नाही, हयगयही नाही. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप हाताला सारखीच लागते, आणि मुलगा कामावरून आल्याशिवाय कुठली कोणती ते सांगणारं घरात कुणी नसतं. चारही उत्तरं ‘नाही’ येतात आणि त्या कागदावर आदर्श रुग्ण ठरतात. बाटली उघडल्याची वेळ नोंदवणारं चिपचं झाकण आलं, तेही फिरवायला बोटांत जोर असलेल्यांसाठीच.

कुष्ठरोगात ही गफलत फारच उघडी पडते. डॅप्सोन हे त्यावरचं औषध घेतलं का, हे लघवी तपासून पाहिलं जायचं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचारांची, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याची, शिफारस केली. महिन्यातून एक डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा आणि बाकीच्या गोळ्या घरी, दिवसांच्या क्रमाने लावलेल्या पाकिटातून काढायच्या. ज्या रोगात बोटं बधिर होतात, वाकडी होतात, त्याच रोगाच्या गोळ्या अंगठ्याने दाबून बाहेर काढायच्या!

क्षयात तर औषधच अपंगत्व देऊ शकतं. स्ट्रेप्टोमायसीन आणि कॅनामायसीनच्या इंजेक्शनांनी ऐकू येणं जाऊ शकतं, एथॅम्ब्युटॉलच्या गोळ्यांनी नजर. कान वाजायला लागले म्हणून इंजेक्शन सोडणारा रुग्ण मात्र नोंदवहीत ‘उपचार सोडले’ एवढाच उरायचा. बहुऔषधप्रतिरोधी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसीन वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. त्याआधी २००३ च्या अहवालात तिनेच मान्य केलं होतं, की दीर्घ आजारांत विकसित देशांतही जेमतेम निम्मे रुग्ण औषधं नियमित घेतात आणि दोष एकट्या रुग्णाचा नसतो.

पुढे भारतात क्षयाच्या गोळ्या घेतल्याची नोंद ठेवणारं ९९डॉट्स आलं: गोळी काढली की पाकिटावरचा लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. स्वस्त, हुशार कल्पना. फक्त नंबर दिसायला हवा.

दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. त्यातून २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आला. त्याचं कलम ६ संशोधनाबद्दल बोलतं: संमती त्या व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून घ्यायची आणि आधी अशा समितीची परवानगी मिळवायची, जिचे किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांसाठीच्या नोंदणीकृत संस्थेचे असतील. या कलमाचा मथळा मात्र क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा आहे. विलोब्रुकची सावली अजून पडलेली दिसते. संशोधनात सामील होण्याच्या हक्काचा तिथे उल्लेख नाही.

पाकिटांचं म्हणाल तर युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने औषधाचं नाव ब्रेलमध्ये छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला, पण तो बनावट औषधं ओळखण्यासाठी. त्यात उत्पादकाचं नाव, बॅच, मुदत वगैरे असतं. गोळी सकाळची की रात्रीची, हे त्यातून कळत नाही.