कारकीर्द, स्वयंनियोजित

नोकरीत राहून कामाची पुढची दिशा, त्यासाठी लागणारे शिक्षण आणि जागा बदलण्याची वेळ वरिष्ठांवर न सोडता स्वतः ठरवण्याची रीत. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार मुख्यतः सोलापूरच्या कापडधंद्याच्या अंगाने केला आहे.

संज्ञा : ‘कारकीर्द’ हा शब्द फार्सीतून आला. जुन्या मराठीत त्याचा अर्थ अधिकारावर असण्याचा काळ. पेशव्यांची कारकीर्द असे, साळ्याची नसे. सामान्य नोकरदाराला तो लागू झाला, त्यामागे ‘करिअर’शी असलेले उच्चारसाम्य असावे. व्युत्पत्तीने मात्र दोहोंचा संबंध नाही. ‘करिअर’ हा लॅटिनमधील गाडीवाचक शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आणि आरंभी त्याचा अर्थ शर्यतीची वाट असा होता.

संकल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. काही जण तो फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे काढलेल्या व्यवसाय-मार्गदर्शन केंद्रापर्यंत नेतात. इतरांच्या मते १९७६ मध्ये डग्लस हॉल यांनी, रूपे पालटणाऱ्या प्रोटियस या ग्रीक सागरदेवतेच्या नावावरून मांडलेली, कारकिर्दीची सूत्रे संस्थेकडे नसून व्यक्तीकडे असतात ही कल्पना हाच खरा आरंभ. पार्सन्स यांचा भर नोकरी निवडण्यावर होता, लागल्यानंतरच्या वाटचालीवर नव्हता. त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही मांडण्यांत कारखान्यातला कामगार मात्र क्वचितच दिसतो.

सोलापूर : येथील पहिली कापड गिरणी (‘जुनी गिरणी’) १८७७ च्या सुमारास सुरू झाली. गिरणी कामगाराची चढण बदली (गैरहजर कामगाराच्या जागी रोज घेतला जाणारा), कायम, जॉबर (मुकादम) अशी असे. जॉबर साच्यांची (मागांची) दुरुस्ती पाही आणि माणसेही भरी. बदलीवाल्याला आज काम मिळणार की नाही हे बरेचसे जॉबरच्या मर्जीवर असे. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या भरतीतील लाचखोरीवर बोट ठेवले. जॉबर सर्वसत्ताधीश होता, हे मत पुढे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या पुराव्यावरून बरेच सौम्य केले : जॉबरलाही वस्तीतली माणसे सांभाळावी लागत. सोलापूरला हे कमीअधिक लागू पडावे. ‘सेटलमेंट’मधील कामगारांना मात्र ते लागू पडत नाही. काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजी अमदानीतील गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेली ही माणसे गिरणीत राबत. १९५२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत गाव बदलण्याचीच मुभा नव्हती, तेथे नोकरी निवडणे दूरच.

कायम होणे म्हणजेही निश्चिंती नव्हे. जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली आणि १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

गिरणीबाहेरच्या यंत्रमागावर चढण निराळी. विणकराची मजुरी नगावर, म्हणून वर्षे भरली तरी कमाई आपोआप वाढत नाही. वाढते ती जेकार्ड (भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारी मागावरची यंत्रणा) कळू लागल्यावर. नक्षीच्या चौकटीच्या कागदावरील उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. प्रत्येक फेकीला एक पुठ्ठा. पुठ्ठ्यात भोक असेल तेथे आकडा (वाकडी तार) ताण्याचा धागा उचलतो. चादरीवरचा मोर प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी तुटत असेल, तर दोष पुठ्ठ्यात. चूक उभी रेघ धरून चालली असेल, तर आकड्यात किंवा धाग्यात. हे ज्याला माग थांबवून, चादर उलटी करून सांगता येते, त्याला मालक सहसा नुसत्या मागावर ठेवत नाही. ही विद्या पाळी संपल्यावर पुठ्ठे पाडणाऱ्याशेजारी बसून घेतली जाते, बहुधा विनामोबदला. तिचा दाखला नसतो. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात आहे.

कापडधंद्याबाहेर, सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या कामाची गणना हजार विड्यांच्या दराने होते. त्या कामात वरची जागा जवळजवळ नाहीच. मागावर मात्र संगणकीय जेकार्ड आल्यावर पुठ्ठ्याची गरज उरत नाही आणि पुठ्ठे पाडणाऱ्यालाही पडद्यावरची नक्षी नव्याने शिकावी लागते.