परदेशवारीचा कट्टा

परदेशवारीचा कट्टा म्हणजे स्वतः आखणी करून परदेशी जाऊन आलेल्या तरुण मुलामुलींनी, जाऊ पाहणाऱ्यांना समोर बसवून आपला प्रवास सांगण्याचा प्रघात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी घरांत वाढलेल्या विशी-तिशीतल्या पिढीत तो रुळलेला दिसतो. त्याला ना नोंदणी, ना वर्गणी, ना ठरलेला वार. कुणी व्हिएतनामहून परतलेलं असतं, कुणाचा युरोपचा व्हिसा लागायचा असतो, आणि दोघांच्या ओळखीचं तिसरं कुणी 'एकदा बसू या' म्हणतं. तेवढ्यावर बैठक जमते.

कट्टा या शब्दाचा मूळ अर्थ बसण्याजोगा बांधीव ओटा. ठाण्या-मुंबईच्या बोलीत तो जागेपुरता उरला नाही. तिथे जमणारी माणसं आणि त्यांच्या गप्पा यांनाही कट्टाच म्हणतात. 'वारी'ही अशीच पंढरपूरच्या वाटेवरून इकडे आली. वारीत पुढे गेलेला मागच्याला वाट सांगतो, पाणी कुठे मिळेल ते सांगतो, आणि या बैठकींचंही मुख्य काम तेच आहे.

पूर्वपीठिका

ठाणे परदेशी प्रवाशांच्या लिखाणात फार जुन्या काळापासून आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने 'ताना' या नावाने त्याची नोंद केली आणि इथल्या कातड्याच्या व कापडाच्या व्यापाराचा उल्लेख केला. पुढे १३२० च्या दशकात ओडोरिक हा फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात येऊन गेला आणि त्यानेही या शहराबद्दल लिहिले. ठाणेकरांनी बाहेरच्या जगाबद्दल सांगण्याची पाळी यायला मात्र बराच काळ जावा लागला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्यानंतर तीसच वर्षांनी, १८८३ मध्ये, जवळच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. समुद्रप्रवास, थंडी, तिथले अन्न, लोकांचे वागणे या गोष्टी त्यांनी पत्रांतून घरी कळवल्या. आज कट्ट्यावर विचारले जाणारे प्रश्न जवळजवळ तेच असतात, आणि प्रस्तुत लेखकाला या प्रघाताची पहिली कडी त्या पत्रांतच दिसते.

मधल्या काळात ही माहिती अमेरिकेतल्या काकांकडून यायची, नाहीतर सहल कंपनीच्या माहितीपत्रकातून. गटासोबत जाणाऱ्याला प्रश्न पडायचेच कमी, कारण व्हिसापासून वरणभातापर्यंत सगळे कंपनी पाहत असे. ऑनलाइन तिकिटे, ई-व्हिसा आणि आग्नेय आशियाकडे जाणारी स्वस्त विमाने आली तशी तरुणांनी स्वतःच आखणी करायला सुरुवात केली. आखणी हातात आली आणि तिच्याबरोबर चुकाही हातात आल्या. कट्ट्याची गरज तिथून लागली.

स्थळे

ठाण्यात तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, ही सर्वांत सोयीची जागा. शेजारी गडकरी रंगायतन, स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, आणि बसलेल्याला उठवणारं कुणी नाही. येऊरच्या पायथ्याचा उपवन तलाव रविवारी सकाळचा. वाशीचा मिनी सी-शोअर आणि खारघरचे सेंट्रल पार्क ही नवी मुंबईतली ठिकाणं. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही सगळी पट्टी एका संध्याकाळच्या अंतरावर आली. ऐरोली-महापे भागातल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या कित्येकांची पहिली परदेशवारी कामानिमित्त झालेली असते; दुसरी स्वतःच्या पैशाने करायची ठरते तेव्हा ते कट्ट्यावर येतात. पावसाळ्यात हीच बैठक कुणाच्या तरी हॉलमध्ये भरते, आणि तिथे आई-बाबाही ऐकायला बसतात.

काय सांगितले जाते

सुरुवात बहुधा पासपोर्टवरच्या नावापासून होते, आणि ती रास्त आहे. मराठी नावात मधे वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात छापलेलं असेल आणि तिकिटावर फक्त नाव-आडनाव असेल, तर विमानतळावर खुलासे करत बसावे लागते. तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरांबरहुकूम काढावं, हा धडा कट्ट्यावर प्रत्येक नव्या माणसाला दिला जातो. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांना तर आधी पासपोर्ट दुरुस्त करायला लावतात, कारण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणे थांबवले. तिथे उतरताना पासपोर्टची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी, हा नियमही अनेक देशांत आहे.

सर्वांत जास्त वेळ जातो तो युरोपच्या शेंगेन व्हिसावर. एका व्हिसावर २९ देश, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, प्रौढांसाठी जून २०२४ पासून ९० युरो फी, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, ही झाली कागदावरची माहिती. ती कुणालाही मिळते. कट्ट्यावर कळते ते तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्याच्याकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून पाहणारे असतात. त्यांना कट्ट्यावरचे जुने लोक कळकळीने थांबवतात, कारण हॉटेलांचं बुकिंग एक सांगतं आणि अर्ज दुसरंच, हे अधिकाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीसाठी दिवाळीनंतरच कामाला लागावे. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात वडिलांच्या खात्यातून मोठी रक्कम येऊन पडलेली असली की शंका येते. त्यापेक्षा खर्च वडील करणार आहेत असं सरळ लिहावे, त्यांचं पत्र आणि त्यांचे कागद जोडावेत.

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी एक सवलत आणली. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. त्यामुळे पहिली सहल छोटी आणि चोख करा, हा सल्ला आता वारंवार ऐकू येतो.

व्हिसा नाकारला गेल्याचं सांगणं ही कट्ट्यावरची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. घरी, नातेवाइकांत, ऑफिसात ते दडवलं जातं; फी परत मिळत नाही आणि मानही जातो असं वाटतं. इथे मात्र नकाराचं पत्र फोनवर उघडून सगळ्यांसमोर धरलं जातं. कोणत्या कारणावर खूण आहे, त्या कारणाला कोणता कागद उत्तर देतो, पुढच्या अर्जात तो नकार न लपवता कसा लिहायचा, यावर तासभर बोलणं होतं. यशाच्या दहा गोष्टींनी जेवढं हाती लागत नाही तेवढं अशा एका पत्राने लागतं.

जवळच्या देशांची चर्चा तुलनेने लवकर आटोपते. नेपाळ-भूतानला व्हिसा लागत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि एका प्रवेशासाठी २५ डॉलर पडतात. थायलंडला जाण्यापूर्वी मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. आफ्रिकेतल्या काही देशांसाठी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.

पैशांच्या बाबतीत मतभेद ठरलेले. कुणी फॉरेक्स कार्डाच्या (परदेशी चलन आधीच भरून ठेवलेल्या कार्डाच्या) बाजूचे, कुणी रोख नेणारे. एका प्रवासासाठी परदेशी चलन रोखीत साधारण ३,००० डॉलरपर्यंतच नेता येते, त्यामुळे तो वाद तसा मर्यादित आहे. एकमत होते ते एका गोष्टीवर: दुकानातलं यंत्र 'रुपयांत भरायचे की इथल्या चलनात' असं विचारतं तेव्हा तिथलंच चलन निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्याचा दर बहुतेक वेळा महाग पडतो.

डब्याचा विषय

बैठकीत खरा जीव येतो तो खाण्याचा विषय निघाला की. बॅगेत काय न्यायचं यावर घराघरांत एक परंपरा आहे आणि परदेशांचे कायदे तिला छेद देतात. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, म्हणून ते पेट घेऊ शकणारा पदार्थ मानतात. त्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. दिवाळीला दुबईच्या बहिणीकडे निघालेल्या मुलीच्या बॅगेत आईने प्रेमाने अनारसे भरले, तर त्यांच्यावरची खसखस ही साधी गोष्ट राहत नाही. काही घरांच्या गोड्या मसाल्यातही खसखस असते. डबा भरण्यापूर्वी आईला विचारून घ्यावं, ही सूचना आवर्जून दिली जाते. युरोपीय संघात बाहेरचे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवायच्या. न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू जाहीर न केल्यास तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. जाहीर केली तर फार तर ती काढून घेतात.

उरतं तेही कमी नाही. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, आणि शेजारच्या गुजराती काकूंकडून शिकलेले थेपले. प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात तांदूळ शिजवून वर मेतकूट-तूप घालण्याचा बेत कट्ट्यावर इतक्यांदा सांगितला जातो की त्याला आता पाककृतीचा मान आहे. (तूप मात्र तिथलंच, लोणी कढवून केलेलं.)

एकटीने जाणे

मुलींच्या एकट्या प्रवासाला कट्ट्याने जेवढं बळ दिलं तेवढं दुसऱ्या कशाने क्वचितच दिलं असेल. अडचण व्हिसाची नसतेच. घरच्या होकाराची असते. अशा वेळी जाऊन आलेली मुलगी थेट घरी येते. 'काकू, मी पाच रात्री राहिले तिथे, खोलीत आम्ही सहाही मुलीच होतो,' हे वाक्य तिच्या तोंडून आलं की काकूंचा चेहरा बदलतो. मग काकू तिच्या आईचा नंबर मागून घेतात आणि दोन आयांचं स्वतंत्र बोलणं होतं. मुलींच्या स्वतःच्या सूचना नेमक्या असतात: नव्या शहरात उजेड असताना उतरावं, पहिल्या दोन रात्रींची जागा आधीच ठरवावी, पासपोर्टची एक छायाप्रत बॅगेत आणि एक घरी ठेवावी, फोनवरून ठिकाण एकाच माणसाला दिसू द्यावं. आणि युरोपातल्या बऱ्याच देशांची वेळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास व हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हे घरच्यांना समजावून द्यावं, म्हणजे रात्री अकराला फोन आला नाही म्हणून कुणी घाबरत नाही.

गोष्टी आणि त्यांची मुदत

माहितीला गोष्टीचं अंग असतं. 'शेवटची ट्रेन चुकू नये' हे कुणी लक्षात ठेवत नाही. परक्या स्टेशनच्या बाकावर बॅगेला मिठी मारून काढलेली रात्र ऐकली की ते विसरत नाही. ऐकणारे मग मधे मधे टोकतात, किती वाजले होते, जवळ किती पैसे होते, दुसरी काय वाट होती ते विचारतात, आणि त्या उलटतपासणीतून गोष्ट कामाची होते.

पण नियम बदलतात. मुरलेला सांगणारा म्हणून आधी आपण कोणत्या महिन्यात गेलो होतो ते सांगतो. आपली नोकरी, आधीचे व्हिसे, प्रवासाचा खर्च कोण करणार होतं हेही सांगतो. नोकरी करणाऱ्याला चार दिवसांत मिळालेला व्हिसा नुकतंच कॉलेज संपलेल्या मुलाला तसाच मिळेल असं नाही. हे न सांगता दिलेला सल्ला भला असूनही घातक ठरू शकतो, आणि या प्रघातातला हाच एक खरा दोष आहे.

गोष्टींना धरून राहणाऱ्या काही खुणाही जाताहेत. पासपोर्ट हातोहात फिरवून शिक्के पाहणं हा बैठकीतला आवडता भाग. शेंगेन देशांच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी डिजिटल नोंद सुरू झाली, तेव्हा आज पहिल्यांदा युरोपला जाणाऱ्याच्या पासपोर्टवर दाखवायला व्हिसाचं पान तेवढं उरेल. त्याच महिन्यात, ८ ऑक्टोबरला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. मध्यरात्री मुंबईच्या सहार विमानतळावर कसं पोहोचायचं हा जुना विषय नेरुळ-खारघरकरांपुरता तरी बदलू लागला आहे.

उसनवारी

बोलण्याइतकीच वस्तूंचीही देवाणघेवाण होते. जाड जॅकेट, थर्मल, बॅगेचा वजनकाटा आणि प्लगचे अडॅप्टर या वस्तू एका घरी क्वचितच महिनाभर थांबतात. ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया आणि दुबईला तीन चौकोनी पिनांचा, युरोपला दोन गोल पिनांचा, जपान-अमेरिकेला दोन चपट्या पिनांचा. कोणता कुणाकडे आहे हे कट्ट्यावर पाठ असतं. उरलेली नाणीही अशीच फिरतात. नोटा बदलून मिळतात, नाणी चलन बदलणारे घेत नाहीत. परतल्यावर जवळ ठेवायच्या परदेशी नोटांवर २,००० डॉलरची मर्यादा आहे, नाण्यांवर नाही. त्यामुळे कुणाच्या तरी जुन्या चष्म्याच्या डबीत युरोची नाणी साठतात, आणि पुढे जाणाऱ्याच्या हातात ती डबी दिली जाते. उतरल्यावर स्टेशनातल्या लॉकरला आणि स्वच्छतागृहाला सुटे लागतात.