कंपनीची सिक आणि ईएसआयची सिक: तापाच्या सकाळी कोणती टाकायची?

माझा धाकटा भाऊ नाशिकच्या अंबडला प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांवर) आहे. मागच्या पावसाळ्यात सकाळी सहाला डबा हातात धरून तो पलंगाच्या कडेला बसला होता, डोळे लालबुंद. "आज ईएसआयचं सर्टिफिकेट आणतो, म्हणजे पगार कापणार नाहीत," म्हणाला. ईएसआय म्हणजे कामगारांची राज्य विमा योजना. सिडको-सातपूरच्या घराघरांत हाच समज आहे. पुढे पगार कापला गेला की माणसं पुढच्या वेळी तापातच मशीनवर उभी राहतात. प्रेसवर बोटं जायला एक गुंगी पुरते.

कंपनीची आजारपणाची रजा असो की ईएसआयची, दोन्हीला आपण 'सिक टाकली' असंच म्हणतो, पण पैसे वेगवेगळ्या खिशांतून येतात. कंपनीची सीएल (किरकोळ रजा) किंवा एसएल (आजारपणाची रजा) शिल्लक असेल तर मालक पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार देतो. दिवस मात्र मोजकेच.

ईएसआयची सिक म्हणजे पगार नव्हे, विम्याचा भत्ता. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते, ती याचीच. मालक त्यात ३.२५ टक्के घालतो. भत्ता सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

आणि खरी मेख इथे आहे: आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. (आधीचं भत्त्याचं आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा पडलात, तर ही अट नाही.) म्हणजे एका दिवसाच्या सर्टिफिकेटने गैरहजेरीचं कारण कागदावर येतं, पैसा येत नाही. जुलाब, साधी सर्दी, अर्धशिशी यांना सीएलच बरी. डेंग्यू, टायफॉइड, हाड मोडणं असेल तर ईएसआय. आणि ज्या दिवसाचा कंपनीकडून रजेचा पगार घेतला, त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही. एकाच तारखेवर दोन्ही मागू नका, क्लेम अडकतो.

म्हणून पहिल्याच सकाळी डॉक्टरांना सरळ विचारावं, "किती दिवस लागतील?" दोनाच्या वर म्हणाले तर त्याच दिवशी ईएसआयचा दवाखाना किंवा सातपूरचं रुग्णालय गाठावं. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन नंतर गेलात तर मागची तारीख मिळेल या भरवशावर राहू नका.

भावाने दोन सीएल टाकून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी डेंग्यू निघाला, सात दिवसांचं सर्टिफिकेट मिळालं. रोज ६०० धरला तर भत्ता ४२०. सातातले दोन वजा होऊन पाच दिवसांचे २,१०० बँकेत आले. पहिल्याच सकाळी गेला असता, तर त्या दोन सीएल कंपनीला सांगून बिनभत्त्याच्या दोन दिवसांवरच लावता आल्या असत्या.