तासाला ३.६ सेकंद: आवाज चित्राच्या मागे का पडतो

तासाभराची मुलाखत आहे. कॅमेऱ्याचं चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज टाइमलाइनवर घेतला, मेळ बसवायला वाजवलेली सुरुवातीची टाळी जुळवली, ओठ आणि शब्द अगदी बरोबर. शेवटाकडे गेलं की पाहुणा बोलून गप्प झालेला असतो आणि त्याचं वाक्य अजून चालूच असतं. फरक मोजला तर ३.६ सेकंद. हा आकडा दिसला की माइक, केबल, सॉफ्टवेअर यांपैकी कशावरही संशय घेण्याआधी फुटेजचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो बघावा. २९.९७ चं फुटेज कुठेतरी ३० धरलं गेलंय, किंवा २३.९७६ चं २४. आणि या अपूर्णांकांचं मूळ १९५३ सालच्या एका निर्णयात आहे. तो निर्णय आवाजासाठीच घेतला गेला होता.

अमेरिकेत कृष्णधवल टीव्ही सेकंदाला ३० चित्रांवर चालत होता. रंग आणताना अट अशी होती, की लोकांच्या घरातले जुने संच चालत राहिले पाहिजेत. रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीवर बसवली. आवाजाची लहर आधीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर होती. या दोन्ही मिसळल्या की सुमारे ९२० किलोहर्ट्झची तिसरी लहर तयार होते आणि पडद्यावर बारीक जाळी उमटते. ती डोळ्यांना जाणवू नये, तर आवाजाची वारंवारता ओळींच्या वारंवारतेच्या पूर्ण पटीत यायला हवी होती. टीव्हीचं चित्र ओळीओळीने रेखाटलं जाई, ओळी सेकंदाला १५,७५०. त्याची २८६ पट म्हणजे ४.५०४५ मेगाहर्ट्झ. अडचण होती ती फक्त शेवटच्या ४.५ किलोहर्ट्झची.

वाटा दोन होत्या. आवाजाची लहर तेवढी वर सरकवायची, किंवा ओळींचा वेग कमी करायचा. जुने संच ४.५ मेगाहर्ट्झवरच आवाज शोधणार, म्हणून आवाजाला हात लावला नाही. ओळी १५,७३४.२७ वर आणल्या, त्यांना एका चित्रातल्या ५२५ ओळींनी भागलं आणि २९.९७ जन्माला आलं. त्या वेळी विकलेल्या संचांची जबाबदारी होती, धोका पत्करणं शक्य नव्हतं, असं या निर्णयाच्या बाजूने सांगितलं जातं. हजारात एकाचा फरक त्या संचांनी सहज चालवून घेतला असता, असं दुसरी बाजू म्हणते. मला दुसरं म्हणणं पटतं. ते संच केव्हाच भंगारात गेले, अपूर्णांक मात्र आजच्या प्रत्येक एक्सपोर्ट सेटिंगमध्ये बसलेला आहे. एका तासात ३० च्या हिशेबाने १,०८,००० फ्रेम व्हायला हव्यात, होतात १,०७,८९२. त्या १०८ चा मेळ घालायला टाइमकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या क्रमांकात, 'ड्रॉप फ्रेम' आली. नावाने घोटाळा असा झाला, की फ्रेम गळते असं आजही अनेकांना वाटतं. गळतो तो फक्त क्रमांक. चित्र आणि आवाज जसेच्या तसे राहतात, त्यामुळे ही सेटिंग बदलून सरकलेला आवाज कधीच जागेवर येत नाही.

सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली ते. त्याच्या ४४,१०० आणि ४८,००० या दोन आकड्यांचीही अशीच गोष्ट. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरली जाई. एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, दर ओळीला ३ सॅम्पल: ४४,१००. ५० फील्डच्या पद्धतीत २९४ ओळी धरल्या तरी तेवढेच. १९८२ मध्ये सीडी आली ती हाच आकडा घेऊन. चित्रपट आणि टीव्हीने ४८,००० धरलं, कारण ते चित्रांत नीट वाटलं जातं: २४ ला २०००, २५ ला १९२०, ३० ला १६००. २९.९७ ला मात्र १६०१.६ येतात. म्हणजे पाच फ्रेम झाल्याशिवाय हिशेब पूर्ण आकड्यावर येत नाही.

मी हे काम शिकलो ते डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) टेपवर. १९९५ मध्ये आलेल्या या टेपवर आवाज मुख्यतः दोन तऱ्हांनी घेता येई: १६ बिट ४८ किलोहर्ट्झ, नाहीतर १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. कॅमेरा हातात आला की आधी मेनूत जाऊन १२ बिट बंद करायचं, ही सवय तेव्हाच लागली. तरीही एका लांब कार्यक्रमाच्या टेपने मला दोन रात्री जागवलं. सेटिंग सगळी बरोबर, आणि आवाज तासाला पाऊण सेकंद मागे. घरगुती डीव्हीत आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाला बांधलेलं नसे, आणि तो कॅमेरा ४८,००० ऐवजी ४८,०१० च्या आसपास सॅम्पल घेत होता. सेकंदाला दहा जास्त, तासाला ३६,०००, म्हणजे ०.७५ सेकंद. शेवटी आवाजाच्या ट्रॅकची लांबी ९९.९८ टक्क्यांवर आणली आणि शेवटची टाळी हातावर पडली. पुढे काही एडिटिंग सॉफ्टवेअरनी हेच मोजमाप स्वतः करायची सोय दिली.

मोबाइलने प्रश्न उलटा केला. आता आवाज बहुतेक वेळा स्थिर असतो, चित्र हलतं. अंधार पडला, फोन तापला, की फ्रेमचं अंतर बदलतं. असं फुटेज ठरावीक फ्रेम रेटच्या टाइमलाइनवर टाकलं की आवाज कधी पुढे, कधी मागे जातो. इथे ट्रॅक ताणून काही होत नाही. फुटेज आधी कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणाऱ्या, फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि ते कट मारण्याआधी.

टाळी म्हणूनच दोनदा वाजवावी, सुरुवातीला आणि शेवटी. शेवटी पाऊण सेकंद सरकली तर घड्याळ, ३.६ सेकंद तर फ्रेम रेट. तासाचा आवाज ६५ मिनिटं १८ सेकंद झाला आणि गळा जड वाटला, तर ४८ ची फाइल ४४.१ समजून वाचली गेलीय. दोन्ही टोकांना सारखाच फरक असेल तर ती सरकण नव्हेच, ती एक्सपोर्टमधली खोट. एएसी हा आवाज दाबून लहान करणारा फाइल प्रकार, त्याचा एन्कोडर सुरुवातीला कोरे सॅम्पल घालतो, बऱ्याचदा २११२, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४४ मिलिसेकंद, २५ च्या हिशेबाने एका फ्रेमहून थोडं जास्त. ते वगळायची सूचना फाइलमध्ये असते, पण काही सॉफ्टवेअर ती वाचत नाहीत. अशी फाइल पुन्हा टाइमलाइनवर घेऊन पुन्हा एक्सपोर्ट केली की आणखी ४४. मधले सगळे टप्पे न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये ठेवावेत, एएसी फक्त शेवटच्या एक्सपोर्टला, एकदाच.