जॉइंट रिप्लेसमेंटच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हवेचं एवढं का असतं?

हल्ली गुडघा बदलायचा म्हटलं की हॉस्पिटलवाले पहिल्यांदा सांगतात, आमच्याकडे लॅमिनार फ्लो ओटी आहे, म्हणजे गाळलेली हवा एकाच दिशेने एकसारखी वाहत राहते अशी ओटी. हे सगळं सुरू झालं इंग्लंडात, रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये. तिथले सर्जन जॉन चार्नली 1960 च्या आसपास खुब्याचा सांधा बदलायला लागले आणि सांधा तर छान बसायचा पण 7 ते 9 टक्के पेशंटना आत इन्फेक्शन व्हायचं. साध्या ऑपरेशनात पस झाला तर औषधाने निभावतं, इथे आत धातू आणि प्लास्टिक, त्याला रक्तपुरवठाच नाही, जंतू त्यावर चिकट थर करून बसतात आणि अँटिबायोटिक तिथपर्यंत नीट पोचतच नाही, म्हणजे बऱ्याचदा बसवलेला सांधा परत काढायचा!

चार्नलींचा संशय हवेवर. माणसाच्या अंगावरून कातडीचे बारीक कण सतत गळत असतात, त्यावर जंतू असतात, आणि कॉटनच्या गाऊनमधून ते आरामात बाहेर येतात. मग त्यांनी हॉवर्थ कंपनीच्या मदतीने ओटीतच एक काचेची खोली उभी केली, वरून गाळलेली हवा, आणि सर्जनला असा सूट की त्याचा श्वास आणि अंगाभोवतीची हवा पाइपने बाहेर खेचली जाईल. 1970 पर्यंत प्रमाण 1 टक्क्याच्या खाली आलं, आणि तेही आधी अँटिबायोटिक न देता. पण त्याच काळात त्यांनी गाऊन आणि टाके घालायची पद्धतही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय हवेला देणं मला तरी पटत नाही.

1982 ची लिडवेल यांची ब्रिटिश ट्रायल, 8 हजारांवर ऑपरेशन्स, साध्या ओटीत इन्फेक्शन 1.5 टक्के, स्वच्छ हवेत 0.6. झालं, जगभर लॅमिनार फ्लो बसले. गोची एवढीच की त्यात अँटिबायोटिक कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलंच नव्हतं, आणि आकडे बघितले तर अँटिबायोटिकचा फायदाही तितकाच दणदणीत दिसतो. तिकडे हॅम्बुर्गला सर्जन बुखहोल्झ यांनी तर सांधा हाडात पक्का बसवायच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळायला सुरुवात केली होती.

मग 2011 मध्ये न्यूझीलंडच्या रजिस्ट्रीचा, म्हणजे सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदींचा, दहा वर्षांचा डेटा आला आणि त्यात लॅमिनार फ्लो आणि स्पेस सूट (सर्जनचा तसाच बंदिस्त सूट) वापरलेल्या केसेसमध्ये इन्फेक्शनमुळे परत ऑपरेशन करायची वेळ उलट जास्त आलेली. 2016 मध्ये डब्ल्यूएचओनेही सांगितलं की सांधेबदलात इन्फेक्शन टाळायला म्हणून लॅमिनार फ्लो वापरू नका, अर्थात पुरावा कच्चा आहे असंही त्यांनीच म्हटलंय, त्यामुळे सर्जन लोकांचं भांडण अजून चालूच आहे. चीर देण्याआधी वेळेत अँटिबायोटिक द्यायचं, यावर मात्र कुणी भांडत नाही.